फोटोला कुंचल्याचा हात

मोबाइलवरच्या फोटोचं क्षणात तैलचित्र झालं की आपण सगळं श्रेय एआयला देऊन मोकळे होतो. पण यातल्या एका सुंदर फिल्टरचं मूळ हृदयाच्या तपासणीत आहे. १९७६ साली जपानमध्ये मिचियोशी कुवाहारा आणि त्यांचे सहकारी किरणोत्सारी द्रव्य वापरून घेतलेल्या हृदयाच्या प्रतिमांवर काम करत होते. अशा प्रतिमा दाणेदार असतात. दाणे घालवायला प्रतिमा पुसट करावी, तर हृदयाची कडही पुसली जाते.

त्यांची युक्ती कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करून बघता येईल. एका पिक्सेलभोवती पाच बाय पाचचा चौकोन घ्यायचा. त्यात तीन बाय तीनचे चार चौकोन बसवायचे, चारही कोपऱ्यांत एकेक. मधला पिक्सेल चौघांतही येतो. ज्या चौकोनात रंगाचा चढउतार सर्वांत कमी, त्याची सरासरी मधल्या पिक्सेलला द्यायची. समजा, तो पिक्सेल पांढऱ्या भिंतीच्या अगदी कडेचा आहे आणि पलीकडे आकाश आहे. ज्या चौकोनांत भिंत आणि आकाश दोन्ही येतात, ते बाद होतात. निव्वळ भिंतीतला चौकोन जिंकतो. कड शाबूत राहते, भिंतीवरचे बारीक डाग मात्र जातात. चौकोन मोठा घेतला की रंगाचे सपाट पट्टे उमटतात, थेट कुंचल्याने ओढल्यासारखे!

मूळ पद्धतीत चौकोनी ठोकळे दिसत. २००९ मध्ये किप्रियानिडिस, कांग आणि ड्योल्नर यांनी चौकोनांऐवजी कडेच्या दिशेने ताणलेली लंबवर्तुळं वापरली. त्यामुळे फटकारे केसांच्या, पानांच्या वळणाने जाऊ लागले. हे काम फोनला झेपतं, कारण एका पिक्सेलचं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तरावर अडून नसतं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतले सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल ग्राफिक्स चिप मोठ्या तुकड्यांनी एकाच वेळी हाताळते.

व्हॅन गॉगची शैली हवी असेल, तर मात्र सहसा न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना, वापरतात. २०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी ते दाखवलं, पण प्रत्येक फोटोसाठी शेकडो फेऱ्या लागत. पुढच्याच वर्षी, शैली आधीच शिकवून ठेवलेल्या नेटवर्कने ते काम एका फेरीत होऊ लागलं. त्याच वर्षी गाजलेलं ‘प्रिझ्मा’ हे अ‍ॅप सुरुवातीला फोटो सर्व्हरवर पाठवायचं. काही महिन्यांतच ते आयफोनवरच चालू लागलं.

तरीही मला कुवाहारांची पद्धत जास्त आवडते; तिची प्रत्येक पायरी तपासता येते. तिला डोळा म्हणजे काय ते कळत नाही, एवढं लक्षात ठेवावं. फोटोत चेहरा लहान असेल, तर फिल्टरची त्रिज्या, म्हणजे चौकोनाचा आकार, कमी ठेवा. नाहीतर बुबुळं गालाच्या रंगात विरून जातात.