प्रोजेस्टेरॉन आणि अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन: बाळंतिणीच्या नैराश्यात गल्लत कुठे होते

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत बाळंतीण उगाच रडू लागली, की डिंकाच्या लाडवाइतक्याच आपुलकीने सल्ला मिळतो: हार्मोन उतरलेत, ते भरून काढा. सल्ल्याचा पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यात मात्र एकाच कुळातल्या दोन पदार्थांची गल्लत होते.

गर्भारपणात वार प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार करते आणि ती पडल्यावर काही दिवसांतच ते झपाट्याने उतरते. ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते, नैराश्य मात्र काहींनाच येते. म्हणजे प्रश्न केवळ किती उरले याचा नसून, त्या उतरणीला मेंदू कसा प्रतिसाद देतो याचाही आहे. म्हणूनच भरून काढण्याचे गणित चुकते. दक्षिण आफ्रिकेतल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत नॉरएथिस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम हार्मोनचे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांमध्ये सहाव्या आठवड्यात नैराश्याची लक्षणे उलट अधिक आढळली. हे इंजेक्शन गर्भनिरोधक म्हणून दिले जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन शरीरात प्रोजेस्टेरॉनपासूनच बनते, पण त्याचे काम मेंदूत, गाबा या शांतवणाऱ्या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या, पेशींवरील ग्राहींवर (रिसेप्टर) चालते. कृत्रिम नॉरएथिस्टेरॉनचे त्यात रूपांतर होत नाही. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनचेच औषधी रूप, ब्रेक्सॅनोलोन, अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मंजूर झाले. ते सलाइनमधून सलग ६० तास द्यावे लागे आणि अचानक शुद्ध हरपण्याची शक्यता असल्याने रुग्णालयात सतत पहारा लागे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेले झुरॅनोलोन हे त्याच धर्तीचे, पण तोंडाने घ्यायचे औषध आहे: १४ दिवस रोज संध्याकाळी, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत (आपल्याकडची बाळंतिणीची थाळी या अटीत सहज बसेल). गुण काही दिवसांतच दिसू लागतो. गुंगी मात्र इतकी येते की पुढचे १२ तास वाहन चालवण्यास मनाई असते.

या गोळीच्या चाचण्यांत स्तनपान थांबवण्याची अट होती. त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर अजूनही बहुधा सर्ट्रालिनसारखे जुने औषध आधी निवडतात, ज्याला गुण यायला काही आठवडे लागतात, पण जे दुधात अत्यल्प उतरते. आत्महत्येचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर गोळीच्या गुणाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.