जिनच्या भट्टीचा परवाना: अर्ज नेमका अडतो कुठे

गोव्यात छोटी जिन डिस्टिलरी काढायला निघालेल्यांना तांब्याचं भांडं किती लिटरचं घ्यायचं, जिनला तिची खास चव देणारं जुनिपरचं फळ कुठून आणायचं, कोकम घालायचं की धणे, हे सगळं तोंडपाठ असतं. जागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबाराच म्हणा) मागितला की मात्र एकमेकांकडे बघतात. अर्ज तिथेच अडतो.

पण त्याआधी एक गैरसमज. ‘आमच्या आजोबांचा फेणीचा परवाना आहे, त्यावर भागेल ना?’ नाही भागणार. फेणीची भट्टी हंगामी, काजूच्या रसापुरती. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा कायदेशीर संसार वेगळा. जिन ही अबकारी खात्याच्या लेखी आयएमएफएल, म्हणजे देशात बनवलेलं विदेशी मद्य, तिला उत्पादनाचा स्वतंत्र परवाना लागतो. आणि तुम्ही धान्य किंवा मळी आंबवणार नसून बाहेरून आणलेलं न्यूट्रल स्पिरिट (जवळजवळ शुद्ध, बिनचवीचा मद्यार्क) वनस्पती घालून पुन्हा गाळणार आहात, हे प्रक्रियेच्या टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहा. नाहीतर प्रदूषण मंडळाकडून मळीच्या कारखान्याला विचारतात ते सगळे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं देण्यात महिने जातात.

ओळखपत्रं, पॅन, कंपनीची किंवा भागीदारीची कागदपत्रं, पोलीस पडताळणी, अग्निशमनचा दाखला: वेळ खातात, पण मिळतात.

आता जागा. उताऱ्यावर आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि पोर्तुगालला गेलेली आत्या, अशी नावं असली तर एका काकांच्या संमतीपत्राने काम होत नाही. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची धरतात, म्हणून भाडेकरारावर मालकाबरोबर मालकिणीचीही सही घ्याच. जमीन शेतीची असेल तर औद्योगिक वापराची सनद हवी. वेर्णा, मडकई, पिळर्ण अशा औद्योगिक वसाहतीत शेड घेतलीत तर सनदेची कटकट वाचते, पण औद्योगिक विकास महामंडळाच्या परवानगीशिवाय पोटभाड्याने घेतलेली शेड म्हणजे नुसते पैसे बुडवणं. एकाच्या वापर प्रमाणपत्रावर ‘गोदाम’ होतं, अर्जात ‘कारखाना’. त्या एका शब्दापायी त्याने रिकाम्या शेडचं आठ महिने भाडं भरलं. कागद तपासणाऱ्याने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, कोण जाणे.

प्रदूषण मंडळाची संमती दोनदा लागते: उभारणीआधी एक, उत्पादनाआधी दुसरी. पहिली हातात असली की लोकांना वाटतं सुटलो. मग भांडं येतं, आणि ‘जरा चालतंय का बघू’ म्हणून स्पिरिट घालून पेटवतात. कृपा करून असं करू नका. परवान्याआधी दारू गाळणं हा गुन्हा आहे, चाचणीची असली तरी. भांडं मागवण्याआधीच अबकारी खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

स्पिरिट बहुतेकांचं महाराष्ट्रातून येतं. आधी गोव्याचा आयात परवाना, तो दाखवून तिकडचा निर्यात परवाना, मग वाहतूक पास. क्रम उलटा चालत नाही आणि परवान्याला मुदत असते. आणखी एक खड्डा: महाराष्ट्रात शुल्काचा हिशेब प्रूफ लिटरमध्ये, म्हणजे मद्यार्काच्या तीव्रतेवर बेतलेल्या मापात चालतो. ९६ टक्क्यांचं १०० लिटर स्पिरिट म्हणजे सुमारे १६८ प्रूफ लिटर. एका कागदावर १००, दुसऱ्यावर १६८ दिसले की कारकून तफावत म्हणून लाल खूण करतो. दोन्ही आकडे एककासकट शेजारी शेजारी लिहा.

अन्न सुरक्षेचा परवाना वेगळा काढायचा. त्याला पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, विहिरीचं पाणी ‘गोड आहे हो’ एवढ्याने भागत नाही. २०१८ च्या मद्यविषयक नियमांप्रमाणे जुनिपरशिवाय जिन हे नाव लावता येत नाही. २०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीवर आरोग्याच्या इशाऱ्याची अक्षरं किमान ३ मिलिमीटर उंच हवीत. संगणकाच्या पडद्यावर ती मोठी दिसतात, म्हणून खऱ्या मापाची प्रत छापून पट्टीने मोजा. ओवा-जिरं घातलंय म्हणून लेबलवर ‘पाचक’ लिहाल तर ते परत येणार, आरोग्याचा दावा चालत नाही.

दारू जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे बाटल्या, बुचं, जुनिपर यांवर भरलेला कर परत वळता होत नाही. बँकेला द्यायच्या हिशेबात हे धरा.

आणि तारीख. अबकारी खात्याकडची लेबलची नोंदणी १२ महिन्यांची नसते, आर्थिक वर्षाची असते. फेब्रुवारीत पैसे भरून नोंदवलेलं लेबल ३१ मार्चला संपतं आणि पुन्हा शुल्क. महाराष्ट्रात विकायचं तर तिथली नोंदणी वेगळी, तीही ३१ मार्चपर्यंतच. जानेवारी उजाडला असेल आणि बाटल्या भरायला अजून अवकाश असेल, तर लेबलचा अर्ज सरळ नव्या वर्षासाठी तयार ठेवा.