गाडीत बसण्याआधी वाचा: बेळगाव किल्ला ते नंदगड

नमस्कार मंडळी. एका दिवसाच्या सहलीसाठी तुम्ही आमची गाडी ठरवलीत, आभारी आहोत. ‘किल्ल्यातच दोन तास कशाला?’ असं गिऱ्हाइकं हमखास विचारतात, म्हणून हे पत्रक.

किल्ला मूळचा रट्टांचा. सौंदत्तीचे हे राजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला वेणुग्रामात, म्हणजे आपल्या बेळगावात आले. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज. त्याने १२०४ साली बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आजही उभी आहे. मंडपात शिरल्यावर आधी मान वर करा. छतातून दगडी कमळ खाली उतरलंय. आतल्या अंधाराला डोळे सरावले की एकेक पाकळी दिसू लागते, त्यामुळे तिथून लगेच निघू नका. रट्टांच्या दानाच्या कानडी शिळा मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे सांगताना दर फेरीला आम्हाला हळहळ वाटते.

पुढे देवगिरीचे यादव आले, मग विजयनगर. १४७३ च्या सुमारास बहामनी वजीर महमूद गावानने सुरुंग लावून तट फोडला. आदिलशाहीत असदखानाच्या काळात सफा मशीद झाली. तिच्या काही खांबांवर रट्ट-यादवांच्या वेळचे लेख आहेत, म्हणजे जुन्या देवळाचे खांब पुन्हा उभे केलेले. त्यानंतर मराठे, मध्ये काही काळ हैदरअली, पुन्हा पेशवे. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या वेढ्यापुढे किल्ला पडला आणि कंपनी सरकार आलं.

तिथून कित्तूर. वारस नाही म्हणून संस्थान गिळायची चाल लोक डलहौसीच्या नावावर टाकतात, पण कित्तूरवर ती त्याच्या कितीतरी आधी चालवली गेली. राणी चन्नम्माने घेतलेलं दत्तक कंपनीने नाकारलं. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कंपनीचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला आणि कित्तूरकरांच्या हातून मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आली. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथेच १८२९ मध्ये ती वारली. कित्तूरच्या पडक्या वाड्याच्या भिंतींमधून सावकाश फिरा.

वाटेत देगावला कमलनारायणाचं देऊळ लागतं. गोव्याच्या कदंबांच्या राणी कमलादेवीने बांधवलेलं. हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. दोन्हीकडे दगड बघण्यासारखा, तिथे आम्ही बोलत नाही.

शेवटी नंदगड. राणीचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा पकडला गेल्यावर २६ जानेवारी १८३१ रोजी इथे त्याला फाशी दिलं. समाधीजवळचा वड त्याच्या सोबत्याने लावला असं गावकरी सांगतात. मूल व्हावं म्हणून नवस बोलणारे तिथे पाळणे बांधतात. दोनशे वर्षं होत आली, तरी लोक त्याच्याकडे घरचं गाऱ्हाणं घेऊन येतात. आमच्या मते सहलीतली ही सगळ्यात मोलाची जागा आहे, म्हणून ती शेवटी ठेवली.

किल्ल्यात लष्कराची वस्ती आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. बस्तीत चपला बाहेर. आजी-आजोबा बरोबर असतील तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे गाडी दारापर्यंत आणता येईल तिथे आणू.