थंड वसंतावर जगणारं जंगल

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सोनोमा आणि मेंडोसिनो काउंटींचा खडकाळ किनारा आहे. 2013 पर्यंत उन्हाळा सरता सरता इथल्या पाण्यावर तपकिरी पानांचं छत पसरलेलं असे. हे बुल केल्प, एका वर्षाच्या आयुष्याचं शैवाल. वसंतात खडकावर धरलेलं इवलंसं रोप उन्हाळ्यात दहा-पंधरा मीटर पाणी चढून पृष्ठभाग गाठतं. शरदात पानांवरचे बीजाणूंचे पट्टे गळून तळाशी बसतात आणि हिवाळी वादळं जुनी रोपं उपटून किनाऱ्यावर फेकतात. पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

इतक्या वेगाने वाढायचं तर खतपाणीही तसंच हवं. ते पुरवतो वारा. वसंतात वायव्येचे वारे किनाऱ्याला समांतर वाहू लागतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी तळाचं गार, नायट्रेटने भरलेलं पाणी वर येतं. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात तापमान 16 अंशांच्या वर गेलं की पाण्यात नायट्रेट जवळजवळ उरतच नाही. म्हणजे तिथे पाण्याचा गारवा हीच अन्नाची खूण. (आपल्या कोकणात खडकांवर सरगॅसम नावाचं शैवाल दिसतं, केल्पला मात्र तिथलं कोमट पाणी मानवणारं नाही.)

एखादा वसंत वाया जाणं या जंगलांना नवीन नव्हतं. 1982-83 आणि 1997-98 च्या एल निनोने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जायंट केल्प या दुसऱ्या जातीची दाणादाण उडवली होती. पोषक पाणी खोल दबून राहिलं, वर वादळांचा मारा. पण समुद्र पुन्हा थंडावला आणि बहुतेक ठिकाणी जंगल परतलं. थंड पाणी आलं की केल्प येतं, हा हिशेब त्यामुळे पक्का वाटू लागला.

त्या हिशेबात एक जुनी तूट राहून गेली होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फरसाठी समुद्री पाणमांजरांची बेसुमार शिकार झाली. 1911 च्या कराराने त्यांना संरक्षण मिळालं तेव्हा कॅलिफोर्नियात बिग सरजवळ एक छोटा कळप तेवढा उरला होता. त्याची प्रजा मध्य किनाऱ्यावर वाढली, सोनोमा-मेंडोसिनोत मात्र ती पुन्हा नांदली नाही. केल्प खाणाऱ्या आणि पाणमांजरांचं खाद्य असलेल्या जांभळ्या सी अर्चिनना, त्या काटेरी गोळ्यांसारख्या प्राण्यांना, आवरायला तिथे मुख्यतः सूर्यफूल तारामासा होता. वीसहून जास्त हातांचा, मीटरभर रुंद होणारा शिकारी.

2013 मध्ये तारामाशांवर अंग गळून पडणारा रोग आला. 2014 मध्ये ‘ब्लॉब’ नावाने ओळखला गेलेला कोमट पाण्याचा प्रचंड पट्टा किनाऱ्याला भिडला आणि पुढच्याच वर्षी एल निनो. एरवी अर्चिन कपारीत बसून वाहत येणारे केल्पचे तुकडे खातात. उपाशी केल्पकडून तुकडे येईनात, तसे ते बाहेर पडून उभी रोपंच कुरतडू लागले. त्यांना रोखणारं कुणीच उरलं नव्हतं. काही वर्षांत इथलं नव्वद टक्क्यांहून अधिक बुल केल्प गेलं. लाल अबलोनी, म्हणजे केल्पवर जगणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगाई, उपासमारीने मेल्या. हौशी पाणबुड्यांसाठी खुली असलेली त्यांची मासेमारी 2018 मध्ये बंद करावी लागली.

मला यातली सर्वांत विदारक गोष्ट पुढची वाटते. ब्लॉब ओसरला, गार पाणी परत आलं, तरी जंगल आलं नाही. अर्चिन पोटात काही नसतानाही वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे वसंतात उगवणारं प्रत्येक रोप त्यांच्या तोंडी जात राहिलं. 2021 च्या वसंतात वारे जोरदार वाहिले, तेव्हा काही खाड्यांत छत पुन्हा दिसलं. सूर्यफूल तारामासा मात्र उत्तर कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसाच झाला होता. त्याला मारणारा जीवाणू, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, ओळखायला 2025 साल उजाडलं.