लिनक्सवर जादा फॉन्ट बसवणे

लिनक्सवर जादा फॉन्ट बसवणे : लिनक्स प्रणालीच्या संगणकात मुळात नसलेल्या फॉन्टच्या फायली आणून सर्व प्रोग्रामना सापडतील अशा जागी ठेवणे, आणि कोणत्या मजकुराला कोणता फॉन्ट लावायचा हे प्रणालीला सांगणे. पहिले काम मिनिटाभराचे आहे. मराठी लिहिणाऱ्याचा कस लागतो तो दुसऱ्यात. कोकण किनाऱ्यावर ग्रामपंचायतीची नोटीस, शिमग्याची पत्रिका, लग्नाची आमंत्रणे आणि हापूसच्या पेटीवरचे लेबल हे सगळे देवनागरीत छापले जाते. गावांच्या नावांतच इतकी अवघड जोडाक्षरे आहेत, की फॉन्टमधली उणीव पहिल्याच ओळीत उघडी पडते.

लिनक्सवर फॉन्टचा कारभार फॉन्टकॉन्फिग नावाचा घटक पाहतो. त्याची रचना कीथ पॅकर्ड यांची. ठरावीक फोल्डर धुंडाळून तेथील टीटीएफ आणि ओटीएफ या प्रकारच्या फॉन्ट-फायलींची यादी तो तयार ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामने फॉन्ट मागितला की त्यातला जवळात जवळचा पुढे करतो. फॉन्टमधले आकार आणि जोडणीचे नियम वाचून अक्षरे नीट जुळवण्याचे काम हार्फबझ करते, तर पडद्यावर ती रेखाटण्याचे काम फ्रीटाइप करते. ही विभागणी ध्यानात ठेवली तर दोष शोधणे सोपे जाते. तोच फॉन्ट एका प्रोग्राममध्ये नीट दिसतो आणि दुसऱ्यात जोडाक्षरे फुटतात, असे असेल तर फॉन्ट बदलून काही साधत नाही; दोष त्या प्रोग्रामचा असतो.

बसवण्याच्या जागा दोन. एकाच वापरकर्त्यासाठी हवा असेल तर त्याच्या घरच्या फोल्डरमधील ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’ (.local/share/fonts) येथे फाइल ठेवावी. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. नावाआधी टिंब असल्याने हे फोल्डर लपलेले असते, ते कंट्रोल आणि एच या कळा दाबून दिसते. नसेल तर नवे करावे. पूर्वी ‘.फॉन्ट्स’ (.fonts) हे फोल्डर वापरत. जुन्या पुस्तिकांत तेच सापडते, पण आता ते मागे पडले आहे. शाळेच्या संगणककक्षात किंवा दुकानात एकाच यंत्रावर अनेकजण बसत असतील, तर ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स’ (/usr/local/share/fonts) ही जागा बरी. ‘/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स’ (/usr/share/fonts) मात्र प्रणालीच्या स्वतःच्या पॅकेजांसाठी सोडावी, तिथे हाताने भर घालू नये. फाइल ठेवल्यावर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एफसी-कॅश’ (fc-cache) ही आज्ञा दिली की यादी ताजी होते, आणि ‘एफसी-लिस्ट’ला मराठीचा भाषासंकेत जोडला (fc-list :lang=mr) की मराठी लिहिता येईल असे सर्व फॉन्ट समोर येतात. चालू असलेले लिबरऑफिस (लिखाणाचा प्रोग्राम) एकदा बंद करून उघडावे. ज्यांना टर्मिनल नको त्यांनी फाइलवर दोनदा टिचकी मारून फॉन्ट दर्शकातले बसवण्याचे बटण दाबावे, परिणाम तोच.

दुसरा मार्ग वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या, पॅकेजांचा. डेबियन आणि उबुंटू या वितरणांवर ‘फॉन्ट्स-देवा’ (fonts-deva) हे एकच पॅकेज मागितले की देवनागरीचे अनेक फॉन्ट एकदम येतात. सुधारणाही आपोआप येत राहतात, म्हणून इंटरनेटचे जाळे नीट असेल तिथे हाच मार्ग पत्करावा. पण कोकणात जाळे नेहमी नीट असतेच असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा दक्षिण रायगड आणि दापोली-मंडणगडच्या गावांतली वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. फॉन्ट म्हणजे शेवटी एक साधी फाइल. पेनड्राइव्हवरून आणून ठेवली की काम होते, तिला इंटरनेट लागत नाही. म्हणून वापरातल्या फॉन्टची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवण्याची सवय इथल्या प्रत्येक कार्यालयाने लावून घ्यावी.

मराठीसाठी फॉन्ट निवडताना केवळ ‘देवनागरी’ ही पाटी पाहून भागत नाही. पुढील ओळ टाइप करून पाहावी : ‘हर्णैच्या किनाऱ्यावर दर्या, कोळथऱ्याच्या पऱ्यात पाणी, वेंगुर्ल्याचे काजू, ॲल्युमिनियमची कढई’. ‘हर्णै’मध्ये एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि दोन मात्रा येतात, कच्च्या फॉन्टमध्ये त्या एकमेकींत घुसतात किंवा वरच्या ओळीला टेकतात. ‘दर्या’त रफार हवा, तर ‘किनाऱ्यावर’ आणि ‘पऱ्यात’मध्ये आडवा, भुवईसारखा अर्धा र हवा. हा अर्धा र हिंदीत लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टांत तो कधी विसरलेला असतो, आणि मग दर्या व दऱ्या यांतला भेदच पुसला जातो. टाइप करताना तो ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असा द्यावा लागतो. साधा ‘र’ दिला तर रफारच येणार, त्यात फॉन्टचा दोष नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत) २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसते. अशा वेळी फॉन्टकॉन्फिग तेवढे अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसने घेते आणि शब्दाचे पहिले अक्षर जाड, बाकीची बारीक असा विजोड प्रकार छापला जातो. कुठेच सापडले नाही तर रिकामी चौकट उमटते.

ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, पण युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तेव्हाच मराठी वळण दिसते. म्हणून लिबरऑफिसमध्ये दस्तऐवजाची भाषा मराठी करणे हे फॉन्ट बसवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तिथे देवनागरीचा फॉन्ट रोमन लिपीच्या फॉन्टहून वेगळ्या रकान्यात ठरवावा लागतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मोफत आणि खुल्या परवान्याचे चांगले फॉन्ट आज भरपूर आहेत. लोहित देवनागरी हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेला आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला फॉन्ट बहुतेक वितरणांत मिळतो. नोटो सान्स देवनागरी गूगलचा. पडद्यावर वाचायला सुखाचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट ठळक मथळ्यांत आणि लेबलांवर उठून दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका आणि टिरो देवनागरी मराठी हे तीन ग्रंथछपाईला शोभणारे आहेत. टिरोत मराठी वळणे मुळातच आहेत, भाषा नोंदवायची गरज पडत नाही.

सरकारी कार्यालयांतून येणाऱ्या फायली पुष्कळदा मंगल फॉन्टमध्ये असतात. मंगल विंडोजबरोबर येतो, तो खुल्या परवान्याचा नाही, म्हणून लिनक्स वितरणांत नसतो. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट लागला की मजकूर वाचता येतो, पण ओळींतले अंतर बदलते आणि पाने सरकतात. कोणता पर्यायी फॉन्ट लागतो आहे ते ‘एफसी-मॅच’ (fc-match) या आज्ञेने कळते. तो पसंत नसेल तर ‘.कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिग’ (.config/fontconfig) या फोल्डरमधील ‘फॉन्ट्स.कॉन्फ’ (fonts.conf) या फाइलीत मंगलऐवजी कोणता आणि मराठी मजकुराला आधी कोणता, हा क्रम लिहून ठेवता येतो. मांडणी जशीच्या तशी हवी असेल तर पाठवणाऱ्याकडून फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ मागवणे हाच खात्रीचा उपाय.

किनाऱ्यावरील डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत केलेल्या जुन्या फायलींचे मोठे साठे आहेत : मंडळांचे अहवाल, देवस्थानांच्या पावत्या, स्मरणिका. त्यांत प्रत्यक्ष साठलेली असतात रोमन अक्षरांची चिन्हे. विशिष्ट फॉन्ट लावला तरच ती मराठी दिसतात. तो फॉन्ट लिनक्सवर बसवला, तर मजकूर वाचता येईल आणि छापताही येईल, पण युनिकोडच्या शोधात एकही शब्द सापडणार नाही. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावा, कारण अर्धा र आणि रफार परिवर्तनात हमखास चुकतात. गावोगावचा हा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही, तेव्हा हे काम करण्याजोगे आहे.

खोतीच्या आणि खरेदीखतांच्या जुन्या कागदांमुळे कोकणात मोडीचीही गरज पडते. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, आणि नोटो सान्स मोडी हा तिचा फॉन्ट वरील रीतीनेच बसतो. त्याने अक्षरे दिसू लागतात. ती टाइप करण्यासाठी कळफलकाची मोडी मांडणी वेगळी बसवावी लागते.