लकव्यानंतर चांगला हात का बांधतात?

लकव्यातून उठलेल्या माणसाला घरचे सांगतात, "चांगल्या हाताने कर, उगाच त्रास नको." सल्ला मायेपोटी असतो, पण दुबळ्या हाताचं नुकसान नेमकं त्यानेच होतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मज्जारज्जूपाशी कापल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, तरी माकडांनी तो हात वापरणं सोडलं. सुरुवातीला प्रयत्न केला की घास पडायचा, तोल जायचा. दुसऱ्या हाताने काम लगेच व्हायचं. पुढे हलवण्याची ताकद आली, तरी न वापरण्याची सवय सुटली नाही. चांगला हात काही दिवस बांधला, तेव्हा कुठे दुबळा हात कामाला लागला. लकव्यानंतर माणसाचंही बऱ्याचदा असंच होतं.

म्हणून ऑक्युपेशनल थेरपीत (रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचारात) चांगल्या हातावर जाड मोजा चढवतात: २ आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ. सोबत थेरपिस्टपुढे दिवसाला ६ तासांपर्यंत सराव. एका वाटीतले राजमे दुसरीत टाकायचे, ३० सेकंदांत किती गेले ते लिहायचं, असे १० डाव. जमलं की एकच गोष्ट बदलायची: वाटी थोडी लांब, नाहीतर राजम्याऐवजी मूग. दोन्ही एकदम बदलल्या तर कशाने अडलं ते कळत नाही. उपचार फसतो तो बहुधा घरी, मोजा खुंटीला टांगला जातो तिथे. त्यासाठी आधीच लेखी ठरवतात: कोणती कामं दुबळ्या हातानेच करायची आणि मोजा कधी काढायचा (आंघोळ, गरम भांडी, जिना).

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत लकव्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. मोजा घालून सराव केलेल्या गटात ठरावीक कामांना लागणारा वेळ वर्षभरात १९.३ सेकंदांवरून ९.३ वर आला. नेहमीच्या उपचारांच्या गटात २४ वरून १७.७ वर. मात्र मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटं किमान १० अंश उघडत असतील तरच हे चालतं. पूर्ण लुळ्या हाताला नाही. घाईही नको: २००९ च्या एका चाचणीत लकव्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच जास्त मात्रेत हा उपचार दिलेल्यांची सुधारणा ९० दिवसांनी कमीच भरली.

उलट, मनगट आखडू नये म्हणून रात्री स्प्लिंट (मनगट सरळ धरणारी कडक पट्टी) बांधण्याची पद्धत सर्रास आहे. ऑस्ट्रेलियात ६३ रुग्णांवर ४ आठवडे तपासलं. स्प्लिंट बांधलेल्या आणि न बांधलेल्या मनगटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. सवयीने चालत आलेला उपचारही असा तपासावाच लागतो. मग लकव्यावर कबुतराचं रक्त चोळण्याबद्दल काय सांगावं! त्यापायी मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे पहिले साडेचार तास निघून जातात, ते भरून येत नाहीत.

रुग्णाची गरजही या हिशेबात धरायची असते. चांगल्या हातात काठी धरून चालणाऱ्याला दिवसभर मोजा घातला तर तो पडेल. त्याच्यासाठी सौम्य प्रकार आहे: आठवड्यातून ३ वेळा अर्धा तास थेरपी, आठवड्याचे ५ दिवस घरी ५ तास मोजा, तोही बसून करायच्या कामांच्या वेळी, आणि हे सगळं १० आठवडे.