संसदेत मुद्दा मांडला की प्रश्न विचारला?

अधिवेशन सुरू झालं की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खासदारांच्या भाषणांचे तुकडे फिरू लागतात. मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ आणि खाली एक ओळ, ‘सोयाबीनचा प्रश्न संसदेत गाजला’. मग एखाद्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर बातमी येते, अमुक खासदारांच्या प्रश्नाला केंद्रीय कृषिमंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. पण पहिली गोष्ट बहुधा शून्य प्रहरातली, म्हणजे तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेतली असते, दुसरी प्रश्नोत्तराच्या तासाची, आणि सरकार कशाला किती बांधील आहे ते या दोन्हींत अगदी वेगळं आहे. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या कुठल्याही खासदाराने शेती, पाणी, पर्यावरण यांवर दिल्लीत काय केलं हे तपासायचं असेल तर हा फरक माहीत असायलाच हवा.

लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास, आणि १२ नंतर शून्य प्रहर. राज्यसभेत २०१४ पासून क्रम उलटा आहे: सकाळी शून्य प्रहर, दुपारी १२ वाजता प्रश्न.

शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात नाही. १९६०च्या दशकात रूढ झालेली ही आपल्या संसदेची स्वतःची प्रथा आहे. खासदाराने त्या दिवशी सकाळी दहापर्यंत सूचना द्यायची, सोडतीत नाव निघालं आणि अध्यक्षांनी परवानगी दिली की उभं राहून दोन शब्द बोलायचे. राज्यसभेत तीन मिनिटं झाली की माइक बंद होतो. समोर मंत्री असतीलच असं नाही, आणि असले तरी त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही.

प्रश्नाचं तसं नाही. त्यासाठी किमान १५ दिवस आधी लेखी सूचना लागते. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. तारांकित वीसही प्रश्न तोंडी होणं दुर्मीळच. २७ नोव्हेंबर २०१९ ला ते झाले तेव्हा १९७२ नंतर पहिल्यांदाच असं घडलं अशी नोंद झाली. वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांची उत्तरंही लेखी स्वरूपात येतातच, फक्त उपप्रश्नाची संधी जाते.

तलाठ्याला चावडीवर तोंडी सांगणं आणि अर्ज देऊन त्यावर पोच घेणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे. तोंडी सांगण्यानेही काम होतं, कधी कधी लवकर होतं. पण सहा महिन्यांनी दाखवायला हातात काय राहतं?

प्रश्नाच्या उत्तरात चूक निघाली तर मंत्र्यांना सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं, तर आपण त्याला टाळाटाळ म्हणतो, पण संसदेच्या हिशेबात ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि झालं की नाही हे पाहायला शासकीय आश्वासन समिती आहे. लोकसभेची ही समिती १९५३ पासून आहे; तिच्यात १५ सदस्य असतात आणि मंत्र्याला तिचा सदस्य होता येत नाही. मुदतवाढी मागितल्या जातात, आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, हे खरं आहे. तरी ती यादीवर असतात. शून्य प्रहरातल्या भाषणामागे अशी यादी उभी राहत नाही, आणि माझ्या मते आपल्या भागाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

कारण मराठवाड्याची दुखणी बहुतेक जुनाट आहेत. परळीच्या औष्णिक केंद्राची राख घ्या. आसपासच्या गावांतल्या लोकांच्या अंगणात आणि पिकांवर ती बसते. ‘परळीच्या राखेने लोक हैराण आहेत, सरकारने लक्ष द्यावं’ एवढं बोलून खासदार खाली बसले तर सभागृहाच्या कामकाजात एक परिच्छेद छापला जातो. हे वीज केंद्र राज्याच्या कंपनीचं असलं तरी राखेच्या वापराची अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची आहे, ३१ डिसेंबर २०२१ ची. म्हणून प्रश्न असा विचारता येतो: गेल्या पाच वर्षांत वर्षनिहाय किती टन राख निघाली, किती वापरली गेली, तळ्यांत जुनी किती शिल्लक आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने शेवटची तपासणी कधी केली, आणि पर्यावरणीय भरपाई आकारली असल्यास किती? या पाच आकड्यांवर परळीचा माणूस पुढे हरित न्यायाधिकरणापर्यंत जाऊ शकतो.

प्रश्न लिहिण्यात कसब लागतं, आणि शेतीच्या बाबतीत जास्तच. शेती आणि पाणी हे राज्यघटनेच्या राज्यसूचीतले विषय. वन आणि वन्यजीव १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेले. त्यामुळे ‘धाराशिव जिल्ह्यात पंचनामे का झाले नाहीत’ असं दिल्लीत विचारलं की ‘हा राज्याचा विषय आहे’ हे उत्तर ठरलेलं. पण नुकसानभरपाईचे निकष केंद्र ठरवतं: २०२२-२३ ते २०२५-२६ साठी कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. सप्टेंबर २०२५च्या पुरात ज्यांच्या रानातली मातीच खरडून गेली, त्यांच्यासाठी हे दर कोणत्या उत्पादन खर्चावर काढले आणि ते कधी बदलणार, हा प्रश्न केंद्राला टाळता येत नाही. पीक विम्याचे निकष, उसाची एफआरपी म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, खाद्यतेलावरचं आयात शुल्क, केंद्रीय भूजल मंडळाची पातळीमापनं, ही सगळी दिल्लीची दारं आहेत.

सोयाबीनचंच बघा. २०२४-२५ साठी हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के. परतीच्या पावसात भिजलेला माल त्यात बसेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. अशा वेळी १५ दिवसांच्या सूचनेची वाट पाहण्यात अर्थ नसतो, सभागृह चालू असेल तर शून्य प्रहरच हवा. गारपीट झाली, धरणाचे दरवाजे उघडले, रेल्वेने पाणी आणायची वेळ आली, जशी २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आणायची आली होती, तेव्हा त्याच दिवशी उभं राहणं हेच खासदाराचं काम. मात्र हंगाम संपल्यावर लातूर, हिंगोली, परभणीत किती शेतकऱ्यांनी नोंदणी केली, प्रत्यक्षात किती जणांचा माल घेतला आणि पैसे किती दिवसांत जमा झाले, हे विचारायला अतारांकित प्रश्न लागतो. पुढच्या हंगामाची तयारी त्या उत्तरावर होते.

या दोन्हींच्या मध्ये लोकसभेचा नियम ३७७ आहे. २५० शब्दांच्या आत मुद्दा लिहून द्यायचा, आणि संबंधित मंत्रालयाने खासदाराला पत्राने उत्तर कळवायचं. राज्यसभेत याच धर्तीवर विशेष उल्लेख असतो.

प्रश्नोत्तराचा तास किती महत्त्वाचा आहे, हे तो नसताना कळलं. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाचं कारण देऊन तो रद्द झाला, अतारांकित प्रश्न तेवढे राहिले, शून्य प्रहर अर्ध्या तासावर आला. तीन कृषी विधेयकं मंजूर झाली ती त्याच अधिवेशनात. कृषिमंत्र्यांना उभं करून एकामागून एक उपप्रश्न विचारण्याची सोय त्या दिवसांत कुणाही खासदाराकडे नव्हती.

प्रश्नोत्तराचा तास देशाने दूरदर्शनवर थेट पाहायला सुरुवात केली ती डिसेंबर १९९४ मध्ये, आपल्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष असताना. त्यांच्याच काळात, १९९३ साली, खात्यांनुसार १७ स्थायी समित्या आल्या. या समित्यांतलं काम बंद दाराआड होतं, त्याचा व्हिडिओ निघत नाही, म्हणून एखादा खासदार शेतीच्या समितीत मान मोडून काम करत असला तरी मतदारसंघात ते कळत नाही. त्या कामाची मोजदादही व्हायला हवी.

संसद डॉट इन या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने शोधलं की प्रश्न आणि चर्चा वेगवेगळ्या दिसतात. शून्य प्रहरातली निवेदनं आणि नियम ३७७चे मुद्दे चर्चेच्या रकान्यात येतात, तेव्हा ‘अमुक चर्चांत सहभाग’ हा आकडा वाचताना त्यात विधेयकावरची भाषणं किती आणि मिनिटभराची निवेदनं किती, हे उघडून बघा. प्रश्नांच्या रकान्यात उत्तराची पूर्ण प्रत मिळते, सोबतच्या जिल्हानिहाय तक्त्यांसह. ती छापून घ्या आणि खासदार तालुक्याला आले की समोर ठेवा: यात आश्वासन दिलंय, तीन महिने झाले, पुढचा प्रश्न कधी लावताय?